साडेचार इंच

पट्टी लाल रंगावर येऊन थांबली तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की पट्टीच खोटी असणार. दंडाचा घेर मोजायची, कागदासारखी पातळ प्लॅस्टिकची पट्टी. थोडी हिरवी, थोडी पिवळी, थोडी लाल; लाल म्हणजे पोर फार कुपोषित. आहारकेंद्राच्या ताईंनी ती मुंगीच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळली, खाचेतून ओढून घेतली आणि खाचेत दिसणाऱ्या रंगाकडे बघत राहिल्या. मग सोडली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा बघितलं. मुंगी तिची मुलगी, वीस महिन्यांची. जन्मली तेव्हाच एवढीशी होती म्हणून बापाने हौसेने ठेवलेलं नाव. आता ते नाव हाक मारताना घशात अडकायला लागलं होतं. "तीन महिन्यांपूर्वी पिवळ्यात होती," ताई म्हणाल्या, "म्हणून तर केंद्रात नाव घातलं. गेल्या महिन्यात मापाच्या दिवशी आजी हिला घेऊन आल्याच नाहीत. म्हटलं, आज सुट्टीचं घरीच जाऊन यावं." ओट्यापाशी भांडी विसळणारी सासू पाठमोरीच म्हणाली, "कणकण होती तिला त्या दिवशी." ही कणकण तिला आजच कळत होती. पण परक्या बाईसमोर ते विचारायचं नव्हतं. ताईंनी मुंगीचा हात खाली ठेवला, अगदी अलगद, उसनी आणलेली वस्तू परत ठेवावी तसा, आणि म्हणाल्या, "मला कळत नाही बघा. रोज अख्खी वाटी संपते. आजी स्वतः आणून दाखवतात मला, चाटूनपुसून लख्ख. मग हे खाल्लेलं जातं कुठे?"

ताई सहज बोलून गेल्या. शुक्रवारी पुन्हा माप घेऊ, नाहीच सुधारलं तर इस्पितळात न्यावं लागेल, असं सांगून चपला घालून निघूनही गेल्या. पण तो प्रश्न खोलीत मागे राहिला, कोणी पाहुणा बसून राहावा तसा. दुपारी मुंगी झोपल्यावर तिने आपल्या पिशवीतून शिवणकामाची टेप काढली. कपड्यांच्या कारखान्यात ती सहा वर्षं बाह्या जोडत होती. लहान मुलांचे सदरे, वय दोन ते तीन, दिवसाला दोनशे ऐंशी बाह्या, डावी आणि उजवी. माप तिला नजरेनेच कळायचं. पाव इंच इकडचा तिकडे झाला तर सुपरवायझरच्या आधी तिच्या बोटांना समजायचं. तिने टेप मुंगीच्या दंडाला लावली. साडेचार इंच. पुन्हा लावली. साडेचारच; ओढून धरली तर त्याहून धागाभर कमी. ती शिवते त्या सदऱ्याच्या बाहीचा घेर साडेआठ इंच होता. त्या बाह्यांतून घुसणारे हात कोणाचे असतील, कुठल्या घरातले, हा विचार तिने सहा वर्षांत एकदाही केला नव्हता. आता तो आला आणि त्यामागोमाग दुसरा, की ही पोर माझ्याजवळ झोपते, माझ्या अंगावर हात टाकून झोपते, आणि माझ्या बोटांना कसं समजलं नाही? रात्री अंगावरचं दूध तेवढं प्यायची. ओढून ओढून प्यायची. म्हणजे भूक आहे, म्हणजे दिवसा खात असणार, असं तिने धरून चाललं होतं. धरून चालायला काय लागतं?

मग एकेकाची पाळी आली. आधी ताई. बोलायला गोड आहे बाई. पेज पातळ करत असेल, दुधाची पावडर, अंडी, केळी येतात म्हणे केंद्रात, ती येतात आणि जातात कुठे? दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ती मुद्दाम वाकडी वाट करून केंद्रावरून गेली. एका जुन्या सरकारी इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली, बाहेर चपलांचा ढीग, आत चुलीवर मोठं पातेलं. पेज ढवळणाऱ्या बाईचा पळीसकट हात मध्येच अडत होता, इतकी ती घट्ट होती. अंडी बादलीत, सोललेली, पांढरीशुभ्र. ताईंवरचा संशय असा पाच मिनिटांत उडून गेला याचं तिला वाईटच वाटलं, कारण आता घरच्याच माणसांची पाळी होती.

सासूला एक मुलगी होती, दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. तिची नणंद. नणंदेला तीन मुलं. सासूचा जीव लेकीत होता हे उघड गुपित. नवरा त्यावरून विनोद करायचा की आईच्या पायाला तिकडचा रस्ता पाठ आहे, झोपेत सोडली तरी तिकडेच जाईल. तिला तो विनोद आता आठवला आणि त्यातलं हसू गळून पडून नुसता रस्ता उरला. सोमवारी संध्याकाळी ती कामावरून परस्पर नणंदेकडे गेली, शिवलेल्या कापडाचे उरलेसुरले तुकडे द्यायचं निमित्त करून. नणंद म्हणाली, "वहिनी, आज सूर्य कुठे उगवला?" ती हसली, बसली, आणि मुलांचे गाल बघत राहिली. धाकटा तिच्या मांडीवर चढला. चांगला जड होता. तिने लाडाने धरावा तसा त्याचा दंड धरला आणि बोटांनी घेर मोजला. सहा इंच तर सहजच. "आजी काय आणते रे तुला?" तिने विचारलं. "आजी काल आली होती," पोरगा म्हणाला. "काय आणलं?" "आजी पाणी प्यायली." नणंद चहाचा कप हातात घेऊन तिच्याकडे बघत होती. पोराला असे प्रश्न का विचारतेस, असं तिने विचारलं नाही, पण कप जरा जोरात ठेवला. परत येताना तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खालून, पाण्याखालून दगड दिसावा तसा, तो संशय जागच्या जागी दिसत होता.

घरी तिने सासूची कापडी पिशवी हुंगली. सासू अंघोळीला गेली होती. पिशवीत मुंगीचं झबलं, एक रुमाल, मापाच्या नोंदीचं कार्ड, स्टीलचा चमचा. डबा नव्हता. वास कसलाच नव्हता. डबा नाही म्हणजे डबा लपवते, असं तिचं मन म्हणालं, आणि असं म्हणणारं मन आपलंच आहे याची तिला भीती वाटली. हे आपल्याला इतकं नीट कसं जमतंय? चोरी कशी होत असेल, वाटी कुठे वळवत असतील, कोणाची पाठ कधी फिरते, हे सगळं तिला आयतं सुचत होतं. आणि मग तिला धाकटा भाऊ आठवला. आठवला म्हणजे तो कुठे गेला नव्हताच. ती आठ वर्षांची, तो दीड वर्षाचा. आई कामाला जाताना पावडरचं दूध कालवून ठेवायची आणि सांगायची, हे बाळाला पाज. कपाच्या काठावर दाट साय धरायची. पहिल्या दिवशी तिने फक्त साय चाटली. मग एक घोट. मग अर्धा कप, आणि वरून नळाचं पाणी. ते पाणी मिसळताना दूध आधी निळसर व्हायचं, मग पारदर्शक, आणि ती कप उजेडाला धरून बघायची की आईला कळेल का. आईला कधीच कळलं नाही. भाऊ जगला, वाढला, लग्न झालं त्याचं. फक्त चार भावंडांत तो बुटका राहिला. त्याच्या उंचीवर घरात सगळे विनोद करायचे, तो स्वतःही करायचा, आणि तीही सगळ्यांबरोबर हसायची. पंचवीस वर्षं ती हसत आली होती. आता पिशवी हातात धरून उभी असताना तिला वाटलं, जी स्वतः असं करून बसली आहे तिलाच कळणार, दुसरं कोण करतंय ते.

नवऱ्याशी बोलून बघितलं. तो लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीवर होता. गेले काही महिने त्याला एक दिवस आड बोलवत होते, आणि घरी असला की तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. "अहो, आई दुपारी कुठे जातात, तुम्हाला काही माहीत आहे?"

"केंद्रात. मुंगीला घेऊन. का?"

"तिथून?"

"तिथून घरी. तू काय विचारतेयस नक्की?"

"काही नाही. पोरीच्या अंगाला लागत नाहीये."

तो उठून बसला. "माझी आई पोरीच्या तोंडचं काढून घेईल असं म्हणायचंय तुला?" तिला असं म्हणायचं नव्हतं, किंवा अगदी असंच म्हणायचं होतं, पण त्याच्या तोंडून ते इतकं नागडं बाहेर आलं की ती "छे, काहीतरीच" म्हणून भांडी लावायला उठली. पलीकडे सासू मुंगीला खांद्यावर टाकून थोपटत होती. थोपटणं मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. ऐकलं असेल का?

बुधवारी तिने पोटात दुखतं म्हणून अर्धी सुट्टी घेतली. सुपरवायझर म्हणाला, महिन्यात आता एकही चालणार नाही, नाहीतर मशीनवर दुसरी बसेल. ती मान हलवून निघाली. केंद्राच्या मागच्या बाजूला एक अरुंद बोळ होता, तिथे जाळीची खिडकी. जाळीवर धूळ आणि तेलाचा थर. डोळा अगदी टेकवला तर आतलं दिसायचं. पंधरा-वीस मुलं, त्यांच्या आया, आज्या. रडणं, चमच्यांचे आवाज. सासू सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, पण खिडकीतून तिची एक बाजू दिसत होती. मांडीवर मुंगी. सासूने चमच्यात थोडीशी पेज घेतली, फुंकली, आपल्या ओठाला लावून पाहिली, मग भरवली. मुंगीने गिळली आणि तोंड वाकडं केलं. दुसरा चमचा. तिसऱ्याला मान फिरवली. सासू तिच्याशी काहीतरी बोलत होती, गालाला गाल लावत होती, चमचा नाचवत होती. मुंगी रडायला लागली. चौथा चमचा बाहेर आला, हनुवटीवरून ओघळला. सासूने तो बोटाने निपटला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा रडणं. हे बराच वेळ चाललं. मग सासूने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

सापडली, असं वाटलं. छातीत काहीतरी उसळलं, रागासारखं आणि बरंचसं आनंदासारखं. सासू खात होती. घाईघाईने, खाली मान घालून, कोणी वाटी ओढून नेईल अशा भीतीने, न चावता. अंडं दोन घासांत गेलं. कडेला चिकटलेली पेज तिने बोटाने पुसून घेतली, बोट चाटलं, वाटी वाकडी करून पुन्हा बघितली. एवढ्या वर्षांत सासूला असं जेवताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि इथे तिचा आनंद अडखळला. असं नव्हे, तर मुळात सासूला जेवतानाच शेवटचं कधी पाहिलं होतं? ती सातला घरी यायची, नवरा आणि ती जेवायला बसायची, आणि सासू वाढता वाढता म्हणायची, मी मघाशीच जेवले. रोज. मघाशी म्हणजे कधी? नवऱ्याचे दिवस कमी झाले तेव्हापासून पिठाचा डबा तिने आपल्या ताब्यात घेतला होता. सासूचा हात सढळ, उगाच जास्त करते आणि उरतं, असं म्हणून सकाळी कामाला जाण्याआधी ती स्वतः तीन वाट्या पीठ काढून द्यायची. तिनाच्या अडीच झाल्या. मग दोन. आणि दोनात भागतंय हे बघून तिला स्वतःच्या काटकसरीचं कौतुक वाटलं होतं. दोनात भागत होतं कारण दोघंच जेवत होती. जाळीवर टेकलेलं कपाळ तिने मागे घेतलं. कपाळावर जाळीचे चौकोन उमटले होते, ते तिने हाताने चोळले, आणि तरीही मन म्हणालं, असेल, भूक असेल, पण पोरीचं?

ती बोळातून फिरून पुढच्या दाराने आत गेली. सासूने वर बघितलं तेव्हा चमचा तोंडात होता. तो बाहेर काढायला तिला वेळ लागला.

"तू? कामाला नाही गेलीस?"

"किती दिवस चाललंय हे?"

"ती टाकते गं," सासू हळू आवाजात म्हणाली. "चार चमचे झाले की नको म्हणते. टाकलेलं फेकायचं का मग?"

"मला सांगायचं. ताईंना सांगायचं."

"सांगितलं असतं तर..." सासू थांबली. हातातली वाटी तिने उगाच रुमालाने पुसली. "खात नाही म्हटलं तर नाव काढतील असं वाटलं. मग दुपारचं..." पुढचं तिने गिळून टाकलं.

दुपारचं पोरीचं की तुमचं, हा प्रश्न तिच्या जिभेवर होता. तो विचारायचा आणि सगळ्या खोलीसमोर विचारायचा, असं तिने त्या जाळीमागे ठरवलं होतं. पण सासूच्या हनुवटीला पेजेचा एक ठिपका लागला होता, आणि तो ठिपका दिसत असताना ते तिला जमेना. तिने मुंगीला उचललं. मुंगी पिसासारखी हलकी होती आणि गरम. तोवर ताई आल्या. काय झालं, आज मुंगीची आई कशी आली, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "ही खात नाहीये, ताई. चार चमच्यांच्या वर खात नाही. बघा काय ते." वाटी कोण संपवत होतं ते तिने सांगितलं नाही. ताईंनी सासूकडे बघितलं, सासूने जमिनीकडे, आणि ताईंना कळायचं ते कळलं असावं. त्यांनी मुंगीला उजेडात धरलं, चमच्याच्या दांडीने जीभ खाली दाबली. गालांच्या आतून, टाळूला, पार घशापर्यंत, फाटलेल्या दुधासारखे पांढरे चट्टे. "अरे देवा," ताई म्हणाल्या. "गिळताना आग होत असणार हिला. पातळ तेवढं जात असेल. कधीपासून आहे हे?" कोणालाच सांगता येईना. रिकामी वाटी रोज परत येत होती, तेव्हा तोंड उघडून बघायचं कोणाला सुचणार? ताईंचा चेहरा पडला होता. त्या स्वतःशीच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या, "मी वाटी बघत बसले."

इस्पितळात कुपोषित मुलांचा वेगळा वॉर्ड होता. दहा खाटा, भिंतीला फिकट हिरवा रंग, तराजू, औषधांचा वास. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पंधरा दिवस तरी ठेवावं लागेल. तोंडाचं औषध लगेच सुरू करू, दर दोन तासांनी मोजून दूध, दिवसा आणि रात्रीही. उशीर झालाय, पण फार नाही. घरचं एक माणूस पूर्ण वेळ जवळ राहायला हवं. "राहणाऱ्याला दोन वेळचं जेवण मिळतं," नर्स फॉर्म भरता भरता म्हणाली. "आई राहणार ना?"

पंधरा दिवस म्हणजे मशीनवर दुसरी. नवऱ्याचं एक दिवस आडचं काम, त्यावर घर. हे सगळं तिच्या मनात एका क्षणात मांडलं गेलं. पण ती त्याकडे बघत नव्हती, ती सासूकडे बघत होती. जेवण हा शब्द ऐकून सासूचा चेहरा बदलला का? किंचित हलला असं वाटलं. की ते पोरीसाठी होतं? म्हातारीला इथे राहायचंय ते नातीसाठी की ताटासाठी? आणि ताटासाठी असलं तर? सासू म्हणाली, "तू नको म्हणशील तर मी नाही राहणार. तुझा आता भरवसा राहिला नसेल." आवाज कोरडा होता. तिला वाटलं, ही रडेल. म्हातारी रडली नाही, नुसती उभी राहिली, रिकामे हात पोटावर धरून. ते हात तिने नीट पाहिले. मनगटाची हाडं बाहेर आली होती. न ठरवता तिच्या नजरेने माप घेतलं, आणि घेतलेलं माप तिने घाईने पुसून टाकलं.

"आई राहतील," ती नर्सला म्हणाली. "हिच्या आजी." हे तिने विश्वासाने म्हटलं की मशीनच्या भीतीने, ते तिला पुढेही कधी नीट ठरवता आलं नाही.

नवऱ्याला तिने तोंडातल्या चट्ट्यांचं तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "बघ, आणि तू आईवर..." हे आता तिचं आणि सासूचं होतं, आणि तिसऱ्याने त्यात हात घालू नये असं तिला वाटलं. रोज संध्याकाळी ती कारखान्यातून सरळ इस्पितळात जायची. गेल्या गेल्या खाटेला लटकवलेला तक्ता वाचायची. दोन दिवस वजन हललंच नाही. ती तक्त्यावरच्या दुधाच्या वेळा बोटाने मोजायची, दर दोन तासांना एक खूण. सगळ्या खुणा होत्या. खुणा कोण करतं? नर्स करते. नर्स समोर उभी राहते का? हे तिने आडून आडून विचारलंही, आणि नर्सने एकदा वर बघून म्हटलं, "तुम्हाला काय शंका आहे ते स्पष्ट बोला ना." तिने तक्ता पुन्हा वाचायला घेतला. चौथ्या दिवशी मुंगीने चमचा पाहून तोंड उघडलं. सहाव्या दिवशी वजन एकशे ऐंशी ग्रॅमने वाढलं होतं, आणि औषध लावताना मुंगीने नर्सचं बोट चावलं. वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या.

त्याच संध्याकाळी नर्सने तिला दारातच गाठलं. "बरं झालं तुम्ही भेटलात. आजींना जरा समजावा. दोनदा बघितलं मी, आपल्या ताटातलं अंडं हिच्या तोंडात कोंबत होत्या. इथे मोजून द्यायचं असतं, जास्त गेलं तर पोरीला झेपणार नाही. रागावले तर म्हणतात, मला नकोच आहे, मला भूक नसते."

ती आत गेली. सासू खाटेच्या कडेला बसली होती, मुंगी तिला टेकून झोपलेली. स्टुलावर ताट झाकून ठेवलेलं. ती समोर बसली, ताटावरचं झाकण काढलं आणि ताट सासूच्या मांडीवर ठेवलं.

"खा," ती म्हणाली.

"खाईन नंतर."

"आत्ता खा, आई. मी आहे इथे."

सासूने ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. पहिला घास हातात घेतला आणि तो तसाच राहिला. "अशी तोंडाकडे बघत बसलीस," सासू म्हणाली, "तर घशाखाली कसा उतरेल गं?"

मग ती उठली, स्टूल फिरवलं, आणि खिडकीकडे तोंड करून, खाटेकडे पाठ करून बसली. बाहेर इस्पितळाच्या आवारात दिवे लागत होते, कोणीतरी पाण्याच्या बादल्या घेऊन चाललं होतं. मग पाठीमागे ताटाला बोटं लागल्याचा बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला. अंडं कुठे जातंय, म्हातारीच्या तोंडात, पोरीच्या उशाखाली, की रुमालात गुंडाळून आणखी कुठे, हे कळायला मान जराशी वळवली तरी पुरे होतं. मानेला ते इतकं सवयीचं झालं होतं की ती आपोआप वळू पाहत होती. तिने दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला, आणि मागचा आवाज संपून ताट खाली ठेवलं जाईपर्यंत ती बाहेरच बघत राहिली.